परकी सनद आणि स्वकीय मक्तेदार

खाणींच्या परकी मक्त्यांचा विषय निघाला की आमचा सुशिक्षित वर्ग चीनकडे बोट दाखवितो. मांचू राजवटीच्या अखेरीस, 1898 साली, पेकिंग सिंडिकेट या ब्रिटिश कंपनीने शान्सी प्रांतातील कोळशा-लोखंडाचे हक्क पदरात पाडून घेतले. 1900 च्या बॉक्सर बंडाच्या धामधुमीत कायपिंगच्या कोळशाच्या खाणी ब्रिटिश भांडवलदारांच्या हाती गेल्या. 1905 साली लंडनच्या न्यायालयाने चिनी फिर्यादीचे म्हणणे रास्त ठरविले, तरी खाणी परत मिळाल्या नाहीत. शान्सीच्या लोकांनी मात्र चळवळ उभारली आणि 1908 साली साडेसत्तावीस लक्ष टेल चांदी मोजण्याच्या करारावर आपले हक्क सोडवून घेतले. ही हकीकत वाचून आपण हळहळतो, आणि ही पीडा आपल्या वाट्यास आली नाही म्हणून सुस्कारा टाकतो. हे समाधान खोटे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चीन दूर राहो. गोमंतक तर आपल्या उंबरठ्याशी आहे. पोर्तुगीज सरकारने 20 सप्टेंबर 1906 च्या हुकुमान्वये वसाहतींतील खाणींचा कायदा केला, आणि त्याच्या आधारे गोव्यात लोखंड व मँगनीज यांच्या सनदा वाटल्या. त्या सनदांस मुदत नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याचे लोखंड जपानकडे जाऊ लागले, आणि पुढे भारताने आर्थिक कोंडी केली असता याच निर्यातीने त्या राजवटीस हात दिला.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. 31 डिसेंबर 1974 च्या तहाने पोर्तुगालने तेथील भारताचे सार्वभौमत्वही मान्य केले. ध्वज उतरला, राजदूत आले, परराष्ट्राशी असलेला तंटा मिटला; सनद मात्र जिवंत राहिली! 1983 साली मुंबई उच्च न्यायालयाने, या सनदा म्हणजे भारतीय कायद्यातील खाणपट्टे नव्हेत, असा निर्णय दिला. अखेर 1987 साली संसदेने कायदा करून त्या 20 डिसेंबर 1961 पासून रद्द ठरविल्या; परंतु त्याच कायद्याने त्यांचे खाणपट्टे झाले असेही मानले. परक्याच्या मोहोरेची सनद फाडावयाची आणि तिचा लाभ स्वदेशी कागदावर उतरवून द्यावयाचा, यास सनद रद्द करणे म्हणावे काय?

यावर उत्तर ठरलेले असते. सनदधारकांत आपलीच माणसे पुष्कळ होती. त्यांनी भांडवल घातले, गावांस रोजगार दिला. हे आम्ही नाकारीत नाही. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक आणि बार्ज यांवर पोट असलेल्या कुटुंबांचे हाल झाले, हेही खरे. परंतु भांडवलास नफा आणि श्रमास मजुरी मिळाल्याने भूमीची मालकी हस्तांतरित होत नाही. गंगापूर धरणाचे पाणी एखाद्या घराण्यास यावच्चंद्रदिवाकरौ तोडून द्यावे, कारण ते घराणे नाशिकचेच आहे, असे कोणी सुचविल्यास गंगापूर रोडवरील आम्ही रहिवासी ते क्षणभर तरी ऐकून घेऊ काय? आणि पाणी तर पावसाळ्यात पुन्हा येते. खणून जहाजात भरलेले लोखंड कोणत्याही पावसाळ्यात परत येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 रोजी, या पट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली होती, म्हणून त्यानंतरचे उत्खनन बेकायदा होते, असे सांगितले. त्यानंतरही राज्य सरकारने पट्ट्यांचे पुन्हा नूतनीकरण केले! 7 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायालयाने तशी 88 नूतनीकरणे रद्द केली, तेव्हा कोठे नव्या लिलावांचा मार्ग मोकळा झाला. हे कार्य लोकप्रतिनिधींनी आपण होऊन करावयाचे होते. न्यायालयास ते करावे लागले, यात भूषण कोणाचे आहे?

लिलावाने मक्तेदाराची निवड चव्हाट्यावर आली, हे चांगलेच झाले. परंतु तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. 2019 च्या राष्ट्रीय खनिज धोरणाने खनिज हा सामाईक वारसा आणि राज्य हे जनतेचे विश्वस्त, असे तत्त्व मांडले आहे. वारशाची विक्री करून आलेला पैसा हे उत्पन्न नव्हे, ते मुद्दल होय. 2014 च्या निकालाने गोव्यातील लोहखनिजासाठी कायमस्वरूपी निधी उभारण्याचा आदेश दिला, तो याचसाठी. मुद्दल खर्चून घर चालविणाऱ्या गृहस्थास आपण उधळ्या म्हणतो. मग तेच करणाऱ्या सरकारास कर्तबगार कसे म्हणावे?

शान्सीकरांनी आपलाच कोळसा पैसे मोजून सोडविला. आम्हांस तर तेवढेही मोल द्यावयाचे नव्हते. सनदेमागची तलवार 1961 सालीच मोडली होती. तरीही ती सनद मोडण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला, कारण परका गेला म्हणजे हक्क आपोआप परत आला, असे आपण मानून बसलो. हक्क असा येत नाही. भूगर्भातील प्रत्येक टनाचा हिशेब जनता मागू लागेल, त्या दिवशी तो येईल.