प्रवासी मोजताना वेळही मोजा

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब या नव्या रुंदमापी मार्गावर गाडी सुरू झाली आणि वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडपर्यंत जाणाऱ्या सुमारे २८४ किलोमीटरच्या योजनेचा एक टप्पा तरी जिल्ह्याच्या जनतेला प्रत्यक्ष दिसला. रूळ टाकणे हे कष्टाचे व खर्चाचे काम खरेच. परंतु रूळ टाकले की प्रवासी आपोआप येतात, ही समजूत मात्र तपासून घेतली पाहिजे. या गाडीत कोण बसेल, एस.टी. सोडून बसेल की काळी-पिवळी सोडून, आणि मुख्य म्हणजे घरून किती वाजता निघून बसेल, या प्रश्नांवर त्या मार्गाचे यशापयश ठरणार आहे.

आपल्याकडे याचा विचार बहुधा उलट्या टोकाकडून होतो. फेरीला किती तिकिटे फाटली ते पाहावयाचे, ती कमी असली की ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा मारावयाचा आणि फेरी बंद करावयाची. वस्तुतः तिकिटांची बेरीज जे गाडीत बसले त्यांचीच साक्ष देते. ज्यांना त्या वेळेस बसणे शक्यच नव्हते, त्यांच्याविषयी ती मुकी असते. सकाळी अकराला शाळेत हजर व्हावयाचे असलेल्या शिक्षकाला साडेअकराला पोहोचणारी गाडी कितीही रिकामी असली तरी निरुपयोगीच.

प्रवाशाच्या या निवडीचे एक शास्त्र आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९७२ साली नवी जलद रेल्वे सुरू झाली. तीमधून कामावर जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे पंधरा टक्के राहील, असा अधिकृत अंदाज होता. डॅनियल मॅकफॅडन या अर्थशास्त्रज्ञाने प्रत्येक प्रवाशाचे भाडे, चालण्याचा, थांबण्याचा व बसून जाण्याचा वेळ यांचा वेगवेगळा हिशेब मांडून ६.३ टक्के हा आकडा सांगितला. प्रत्यक्षात तो ६.२ टक्के निघाला. पुढे २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. थांब्यावर ताटकळण्याचे एक मिनिट माणसाला गाडीत बसलेल्या मिनिटाच्या सुमारे दुप्पट जड वाटते, हेही अशाच अभ्यासांतून पुढे आले. आपल्या थांब्यांवरील उन्हात उभे राहणाऱ्यास हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको, हे उघड आहे; पण वेळापत्रक आखणाऱ्यास ते सांगणे जरूर आहे.

निघण्याच्या वेळेचा विचार विल्यम विक्री यांनी १९६९ साली मांडला. गर्दी टाळण्यासाठी लोक लवकर अथवा उशिरा निघतात आणि त्या गैरसोयीची किंमत मोजतात, असे त्यांचे म्हणणे. ते महानगराचे चित्र होय. यवतमाळ जिल्ह्यात अडचण गर्दीची कमी आणि विरळ फेऱ्यांची अधिक आहे. वणी वा उमरखेडहून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरांहून दूर. कचेरीतील दहा मिनिटांच्या कामासाठी तेथील माणसाचा अख्खा दिवस खर्ची पडतो. मुक्कामी गाडी पहाटे गावातून सुटते म्हणून पहाटे निघावयाचे, आणि परतीची शेवटची गाडी चुकू नये म्हणून काम अर्धवट टाकून उठावयाचे. त्या गाडीसाठी शेवटचा तास सोडणाऱ्या विद्यार्थिनीच्या शिक्षणाचे नुकसान कोणत्या ताळेबंदात लिहिले जाते?

या शास्त्रात लाल व निळ्या बसचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. लाल बस चालू असताना तशीच निळी बस त्याच वेळी सोडली, तर प्रवाशाला नवा पर्याय मिळत नाही. रंग तेवढा बदलतो. आपल्याकडे हे उदाहरण पुस्तकात राहिलेले नाही. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील १२५ तालुक्यांत शाळकरी मुलींसाठी निळ्या बस आल्या. त्यांत आपल्या जिल्ह्यातील तालुकेही आहेत. या बसचे मोल तिच्या रंगात नसून ती शाळेच्या घंटेशी जुळते यात आहे. ज्या दिवशी ती घंटेशी फटकून धावेल, त्या दिवशी ती केवळ दुसरी लाल बस ठरेल. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले, हेही स्वागतार्हच. परंतु सवलत भाडे कमी करते, गाडीची वेळ जवळ आणीत नाही.

शकुंतलेचा धडा विसरू नये. कापसासाठी घातलेल्या यवतमाळ-मूर्तिजापूर या सुमारे ११३ किलोमीटरच्या अरुंद मार्गावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते. तिकीट स्वस्त, म्हणून गरीब प्रवासी तिला धरून राहिला. ज्याला वेळेची किंमत होती तो रस्त्याकडे वळला. अखेरीस ती गाडी बंदच झाली.

महामंडळाकडे गाड्या अपुऱ्या, पैसा त्याहून अपुरा, मग प्रत्येक गावाची सोय कशी व्हावी, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. परंतु आमची पहिली मागणी अधिक गाड्यांची नसून आहे त्या गाड्यांच्या वेळा तपासण्याची आहे. सोळाही तालुक्यांत नमुना गावे निवडून, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या साह्याने, लोक काल कशाने गेले, किती वाजता निघाले, किती वाजता पोहोचणे त्यांना हवे होते आणि कोणते जाणे त्यांनी रद्द केले, हे विचारावे. ‘गाडी हवी का?’ असे विचारू नये. त्याला सर्वच होकार देतात. प्रत्यक्ष वर्तनावरून निघालेला हिशेबच भरवशाचा. त्यावरून एस.टी. व रेल्वे यांनी एकत्र बसून वेळा जुळवाव्यात. नाही तर कळंबला उतरलेला प्रवासी पुढच्या वीस-बावीस किलोमीटरसाठी पुन्हा काळी-पिवळीच शोधील. असा हिशेब झाल्यावरही एखादी गाडी रिकामी धावली, तर ती खुशाल बंद करावी. तोवर रिकाम्या बाकांवरून जनतेची गरज ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही.