एकाच थानातली फॅशन

हळदीच्या साड्या आणायला कोळीवाड्यातल्या बायका निघाल्या की लाँचमध्ये सभाच भरते. उरणचं मोरा बंदर ते मुंबईचा भाऊचा धक्का, तासाभराचा प्रवास. तेवढ्यात रंग ठरतो, काठ ठरतात, आणि गेल्या लग्नात कुणाचा ब्लाऊज तोकडा झाला होता त्याचाही पंचनामा होतो. धक्क्यावर उतरून टॅक्सी पकडायची ती थेट क्रॉफर्ड मार्केटच्या मागे. मंगलदास मार्केट आणि शेजारचं मुळजी जेठा. एक साडी घ्यायची असती तर उरणचा बाजार पुरला असता. इथे हव्यात पंचवीस, सगळ्या एकाच रंगाच्या, आणि ब्लाऊजपीस एकाच थानातलं. दुसऱ्या थानाचा रंग उन्हात वेगळा दिसतो, हे आमच्या काकीला कुठल्याही फॅशन डिझायनरने शिकवलेलं नाही.

माझी भाची या खरेदीला नाक मुरडते. तिच्या मोबाईलवर सतत टोकियोतलं हाराजुकू चालू असतं: ताकेशिता नावाची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना कपड्यांची दुकानं, केस गुलाबी केलेली पोरं. ‘मामा, याला म्हणतात फॅशन!’ आता तिला कसं सांगू, की १९८०च्या सुमारास ती गल्ली गाजली तीसुद्धा एकसारख्या कपड्यांमुळेच? ‘ताकेनोको’ नावाच्या एका दुकानातून पोरंपोरी भडक रंगांचे ढगळ झगे घ्यायची आणि रविवारी वाहनांना बंद केलेल्या रस्त्यावर घोळक्याने नाचायची. दुकानाच्याच नावाने त्यांची जमात ओळखली जाऊ लागली. पुढे १९९८मध्ये रविवारचा तो मोकळा रस्ता बंद झाला आणि नाचणाऱ्यांची हक्काची जागा गेली.

आमच्याकडे रस्ता अजून मोकळा आहे. नारळी पौर्णिमेला एका रंगाच्या साड्यांची रांग बंदराकडे निघते तेव्हा बघावं. दुकानदार कापड विकतो. त्या कापडाची फॅशन होते ती दहाजणी मिळून ते नेसतात तेव्हा. आझाद मैदानासमोरच्या फॅशन स्ट्रीटवर एक्स्पोर्टचा उरलेला माल घासाघीस करून घेणारी कॉलेजची पोरं तरी वेगळं काय करतात? एकाने आणलेला शर्ट महिन्याभरात सगळ्या वर्गाच्या अंगावर.

१२ जानेवारी २०२४ला अटल सेतू आणि उरणची लोकल, दोन्हींचं उद्घाटन एकाच दिवशी झालं. भाची आता लोकलने सीवूड्सच्या मॉलमध्ये जाते, गार हवेत फिरते, एक टॉप घेऊन येते. कुर्ल्याच्या मॉलमध्ये २०२३पासून ‘युनिक्लो’ हे जपानी दुकानही आहे, तिथेही तिची एक चक्कर झाली. जावं, माझी ना नाही. पण मॉलमध्ये एका रंगाच्या पंचवीस साड्या मागून बघा. शिवाय तिथे भाव करता येत नाही, आणि भाव न करता आणलेल्या साडीला आमच्या घरी कुणी चांगली म्हणत नाही.

तुमच्याकडेही लग्न निघालं असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मंगलदास रविवारी बंद असतं. आणि परतीच्या वेळी ओहोटी नाही ना, ते आधी विचारून घ्या. पाणी उतरलं की गाळामुळे लाँच मोऱ्याच्या धक्क्याला लागत नाही, आणि साड्यांची गाठोडी घेऊन ताटकळावं लागतं.