बंदूक हाती देणाऱ्यांना जाब विचारा

सिएरा लिओनच्या यादवी युद्धात, 1991 ते 2002 या काळात, हजारो मुलं लढली. ती आपसूक क्रूर झाली नव्हती. आरयूएफ या बंडखोर संघटनेची त्यासाठी ठरलेली रीत होती. गावावर धाड घालायची, मुलं पळवायची, त्यांतल्या काहींना आपल्याच नातेवाइकाला किंवा शेजाऱ्याला मारायला लावायचं, म्हणजे परतीची वाट बंद. पळून जाण्याची शंका आली तर छातीवर पात्यानं संघटनेची अक्षरं कोरायची. ती खूण घेऊन मूल विरुद्ध बाजूच्या हाती लागलं तर जिवावरच बेतायचं. काहींच्या कानशिलावर चीर पाडून तीत नशेची पूड भरत, वर पट्टी चिकटवत आणि मग लढाईला धाडत. मुलाला आवरणारी भीती, माया, लाज मोठ्या माणसांनी थंड डोक्यानं अशी काढून घेतली. म्हणून या मुलांच्या हातून घडलेल्या अत्याचारांचा जाब त्यांना लढायला लावणाऱ्यांनीच द्यायला हवा. मुलांना तुरुंग नको, घर आणि शाळा हवी.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. ज्यांचे हात कोयत्यानं तोडले गेले, त्यांना हल्लेखोराचं वय विचारून काय करायचं? त्यांची वेदना त्यानं तसूभरही कमी होत नाही आणि त्यांना न्याय मिळालाच पाहिजे. पण तो मुलांवर खटले न भरताही देता येतो, हे तिथल्या विशेष न्यायालयानं दाखवलं. 15 वर्षांखालच्यांवर खटला चालवण्याचा अधिकारच त्याला नव्हता. 15 ते 18 वयाच्यांवर चालवता आला असता, तोही मुख्य अभियोक्ते डेव्हिड क्रेन यांनी चालवला नाही. 2007 मध्ये एएफआरसी या दुसऱ्या सशस्त्र गटाच्या तिघा म्होरक्यांना इतर गुन्ह्यांबरोबर मुलांच्या भरतीबद्दलही दोषी ठरवलं गेलं. 2012 मध्ये आरयूएफला पाठबळ देणारे लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना 50 वर्षांची शिक्षा झाली. दुसरा आक्षेप असा, की काही मुलं स्वखुशीनं गेली. आईबाप मारलेले, गाव जळालेलं आणि बंदूकवाल्याच्याच हाती अन्न, अशा वेळी दहा वर्षांच्या पोराच्या होकाराला कसली किंमत? काँगोतल्या सशस्त्र गटाचा म्होरक्या थॉमस लुबांगा याच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानंही 15 खालच्या मुलाची संमती बचाव म्हणून मानली नाही.

ही मुलं कायमची बिघडली, गावात घेतली तर घात करतील, ही भीती तर सर्रास ऐकू येते. थेरेसा बेटनकोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिएरा लिओनमधल्या अशा मुलांचा 2002 पासून वर्षानुवर्षं मागोवा घेतला. गावानं सामावून घेतलेली, शाळेत गेलेली मुलं तुलनेनं सावरली; हेटाळणी सोसणाऱ्यांत नैराश्य आणि चीड अधिक दिसली. म्हणजे ज्या वागणुकीची आपल्याला भीती वाटते, तिला आपलं दूर लोटणंच खतपाणी घालतं.

आणि मुली? पळवलेल्या मुलींनी ओझी वाहिली, रांधलं, लढायाही केल्या. अनेकींना कमांडरांच्या 'बायका' करून ठेवलं गेलं. तरी निःशस्त्रीकरण केंद्रांतून सुटका झालेल्या मुलांत मुलींचं प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होतं. कागदोपत्री मुलांना शस्त्र जमा करण्याची अट नव्हती, पण प्रत्यक्षात बंदूक मागितली जाई, आणि ती नसलेल्या कितीतरी जणी मदतीविना राहिल्या. यापुढच्या प्रत्येक शांतता करारात मुलांच्या सुटकेचं कलम वेगळं असावं, त्यात बंदुकीची अट नसावी आणि बाळ कडेवर घेऊन आलेल्या मुलीचं नाव नोंदणीत आधी लागावं, ही आमची मागणी आहे.