बिअर कशाच्या जागी?

पाळी गेलेल्या बायकांनी बिनदारूची बिअर प्यावी, हृदयाला ती हितकर आहे, असे सांगणारा एक पक्ष आहे. खोडण्याआधी त्याचे म्हणणे नीट मांडू. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटते, रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल चढू लागते, धमन्या ताठरतात. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्समध्ये इस्ट्रोजेनसारखे वागणारे एक वनस्पतिजन्य द्रव्य असते, शिवाय पॉलिफेनॉल्स असतात. दारू काढून टाकली की तिचे तोटे जातात आणि हे गुण उरतात. स्पेनमधल्या संशोधकांनी पाळी गेलेल्या स्त्रियांवर सहा महिने प्रयोग केला, त्यात काही आकडे सुधारलेले दिसले.

यातले काहीच खोटे नाही. प्रश्न आहे तो यावरून काढलेल्या निष्कर्षाचा. त्या प्रयोगात स्त्रिया होत्या ३७ आणि त्यांतल्या बिनदारूची बिअर पिणाऱ्या फक्त ७. सात जणींच्या रक्ततपासणीवरून पुढच्या संशोधनाची दिशा ठरवता येईल, पण कोणाच्या आईला सल्ला देता येणार नाही. कोलेस्टेरॉलचा आकडा हलणे वेगळे आणि हृदयविकाराचा झटका टळणे वेगळे. शिवाय दारू गेली तरी या पेयात कर्बोदके आणि साखर उरतातच. मधुमेह असलेल्या बाईने रोज दोन बाटल्या रिचवाव्यात असे कोणता डॉक्टर सांगेल?

सर्वांत मोठी गफलत पुढेच आहे. रोज दारू पिणाऱ्याने तिच्या जागी बिनदारूची बिअर घेतली तर त्याचा फायदा आहे, कारण दारू सुटली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टच सांगितले की दारूचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही. पण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात १५ वर्षांवरील दारू पिणाऱ्या स्त्रिया १.३ टक्के. सोलापुरात साठी ओलांडलेल्या ज्या बाईने उभ्या जन्मात बिअर चाखली नाही, तिने ही बाटली कशाच्या जागी घ्यायची? पाण्याच्या?

यावर ‘त्यापेक्षा आमची ज्वारीची आंबील बरी’ म्हणून टाळी घेणाऱ्यांनीही थांबावे. ज्वारी उत्तमच, पण भाकरीबरोबर शेंगाचटणी, लोणचे आणि पापड यांतून पोटात जाणारे मीठ कोण मोजणार? परंपरेचा शिक्का मारल्याने रक्तदाब उतरत नाही.

मग काय करावे? ‘कशाच्या जागी काय’ हाच प्रश्न योग्य ठिकाणी विचारावा. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या प्रयोगात नेहमीच्या मिठाच्या जागी पोटॅशियम मिसळलेले मीठ दिले, तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. हा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घेऊ नये. ‘आता या वयात रक्तदाबाच्या गोळ्या कशाला?’ म्हणणाऱ्यांना २००८ सालचा दुसरा प्रयोग दाखवावा. त्यात ऐंशी ओलांडलेले ३,८४५ रक्तदाबाचे रुग्ण होते, निम्म्याहून अधिक स्त्रिया. साध्या गोळ्यांनी त्यांच्यातले मृत्यू २१ टक्क्यांनी घटले, आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण तर ६४ टक्क्यांनी. सात जणी एका पारड्यात, पावणेचार हजारांहून अधिक माणसे दुसऱ्या पारड्यात. मग चर्चा बाटलीचीच का?

सोलापुरात तर आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. इथल्या हजारो बायकांचे आयुष्य मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात गेले. दिवसभर बैठे काम, नाकातोंडात तंबाखूची धूळ. आणि विडी न ओढणाऱ्या कितीतरी घरांतही सकाळी मिसरी लागतेच. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातले निकोटीन नाडी आणि रक्तदाब वाढवते. दात घासायला मिसरीच्या जागी साधी टूथपेस्ट घेतली तरी हृदयाचा फायदा होतो, आणि त्यासाठी आयात हॉप्स लागत नाहीत.

बायकांच्या हृदयविकाराची लक्षणेही अनेकदा निराळी असतात: धाप, गळून जाणे, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे. घरात त्यालाच ‘पित्त झालंय’ म्हणतात आणि सिव्हिल हॉस्पिटलला पोचायला उशीर होतो.

म्हणून मागणी करायची तर ती अशी: विड्या मोजून घेतल्या जातात तिथे रक्तदाब मोजण्याचे यंत्र असावे आणि सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या दहा हजार घरांत महिन्याच्या गोळ्या खंड न पडता पोचाव्यात. एवढे झाल्यावर ज्यांना बिअरची चव आवडते त्यांनी ती खुशाल घ्यावी. मात्र तिला औषध म्हणू नये.