जटा, कोंडा आणि गाळलेला काढा

सांगलीच्या हळदपेठेत तीन पिढ्यांपासून अडतीचे दुकान चालवणाऱ्या एका कुटुंबातील नातू शिक्षण संपवून बंगळूरहून परतला, तेव्हा त्याच्या डोक्यावर खांद्यापर्यंत रुळणाऱ्या जाड जटा होत्या. दोन दिवस घरात त्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. तिसऱ्या दिवशी चुलत बहिणीच्या साखरपुड्यासाठी त्याने काळा जोधपुरी कोट चढवला आणि तासाभरातच दोन्ही खांद्यांवर पांढरा भुगा पसरला. आजीने तो पदराने झटकला आणि मग बोलण्याला तोंड फुटले.

"आजी, देरासरात आदिनाथांच्या मूर्तीच्या खांद्यावर काय असतं? जटाच ना?"

"असतात की. त्यांनी तप केलं बाबा, तू कोंडा केलास."

खांद्यावर रुळणाऱ्या केसांवरून ऋषभदेवांची मूर्ती ओळखली जाते, ही गोष्ट खरी. त्यामुळे जटा असाव्यात की नसाव्यात, हा वाद तेथेच थांबला. कोंड्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आजीजवळ उपायांची वाण नव्हती. रात्री कोमट खोबरेल जिरवावे, सकाळी आंबट दही लावावे, भिजवलेली मेथी वाटून थापावी, बेसनाने डोके चोळावे. नातवाने मित्रांकडून खाण्याच्या सोड्याचा प्रयोग शिकून घेतला होता. महिनाभर दोघांचेही उपाय आलटून पालटून झाले. परिणाम असा की खाज वाढली, आणि जटांना आंबट, कुबट वास येऊ लागला. आजीचे उपाय चुकीचे होते असे नव्हे. ते मोकळ्या केसांसाठी होते.

मोकळ्या केसांत घातलेले बेसन पाण्याबरोबर निम्मे जाते आणि उरलेले कंगव्याबरोबर निघते. जटेला कंगवा नाही. माणसाच्या डोक्यावरून दररोज सुमारे ५० ते १०० केस गळतात. जटेत तेही खाली पडत नाहीत, आतच गुंतून राहतात. जटा वर्षागणिक जाड होते ती यामुळेच. दही असो, मेथीचा लगदा असो की मुलतानी माती, जे आत शिरले त्याचा कण न् कण आत बसतो, ओलावा धरतो आणि कुजतो. पेठेतील माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या गोदामातून जावक होत नाही, तेथे आवक कितीही उत्तम प्रतीची असली तरी तिला बुरशी लागते.

कोंड्याविषयीचा एक समज येथेच दूर केलेला बरा. डोके कोरडे पडल्यामुळे कोंडा होतो आणि तेलाने तो जातो, अशी घरोघरी समजूत आहे. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येकाच्या टाळूवर मॅलॅसेझिया नावाची सूक्ष्म बुरशी वसतीला असते आणि टाळूतून पाझरणारे तेल हेच तिचे अन्न असते. त्या तेलाचे विघटन करून ती जे मेदाम्ल मागे ठेवते, त्याने काहींच्या त्वचेचा दाह होतो. मग त्वचेच्या पेशी घाईघाईने तयार होतात आणि पापुद्र्यांच्या रूपाने गळतात. म्हणजे रात्रभर तेल जिरवून ठेवणे हे अनेकदा त्या बुरशीला पंगतीस बसवण्यासारखे होते. तेलाने पापुद्रे ओले होऊन दिसेनासे होतात आणि गुण आला असे वाटते, इतकेच. सोड्याचे दुखणे निराळे. टाळूचा स्वभाव किंचित आम्लधर्मी. सोड्याचे पाणी त्याच्या उलट, क्षारधर्मी. वरचेवर वापरल्यास टाळू चरचरते आणि केस खरखरीत होतात. नेहमीचा वडीचा साबणही या कामी उपयोगाचा नाही. कूपनलिकेच्या जड पाण्यात त्याचा चिकट साका बनतो, आणि तो जटेत गेला की बाहेर येत नाही.

आपल्याकडील रिठा आणि शिकेकाई या जोडीचे मोल येथे कळते. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन हे फेस देणारे द्रव्य असते. शिकेकाईच्या शेंगांतही ते असते आणि तिचे पाणी सौम्य आम्लधर्मी असते. जड पाण्यात साबणासारखा साका यांचा होत नाही. मात्र बाजारात मिळणारी तयार पूड जटांसाठी घेऊ नये. पूड कितीही वस्त्रगाळ असली तरी ती पूडच, आणि जटेत गेलेली पूड पुढे महिनोन् महिने तेथेच राहते. सबंध रिठे आणि सबंध शेंगा आणाव्यात. आठ-दहा रिठ्यांच्या बिया काढून टाकून साली घ्याव्यात, तितक्याच शेंगा मोडून घ्याव्यात, रात्री एक लिटर पाण्यात भिजत घालाव्यात. सकाळी मंद आचेवर पंधरा मिनिटे उकळी द्यावी, थंड झाल्यावर हाताने कुस्करावे आणि दुहेरी कापडातून गाळावे. पाणी गाळूनच पिण्याची सवय असलेल्या घराला गाळण्याचे महत्त्व पटवावे लागत नाही. या घरातही आजीने पिण्याच्या पाण्याच्या गरण्याइतकाच स्वच्छ, पण वेगळा दुहेरी कपडा काढून दिला आणि तो कशासाठी आहे हे सर्वांना बजावून ठेवले. काढा ताजाच वापरावा. दोन दिवसांत तो आंबतो.

लावण्याची रीतही मोकळ्या केसांहून निराळी आहे. घाम, तेल आणि कोंडा टाळूवर असतो, जटेच्या शेवटावर नव्हे. म्हणून काढा निमुळत्या तोंडाच्या बाटलीत भरून दोन जटांमधील भांगांतून टाळूवर सोडावा आणि बोटांच्या पेरांनी चोळावा. नखे लावू नयेत; खाजेच्या भरात नखे लागतातच, आणि मग ओरखड्यांची वेगळी तक्रार सुरू होते. पाचएक मिनिटे थांबून धुवावे. वाहत येणारा फेस जटांच्या टोकांना पुरेसा होतो. डोळे घट्ट मिटलेले असावेत, कारण रिठा डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. नैसर्गिक वस्तू निरुपद्रवीच असते असे मानणाऱ्यांनी हा अनुभव एकदा आठवावा.

खरे काम यानंतरचे. एकेक जट मुठीत धरून वरून खाली पिळत यावी, पुन्हा पाणी घालावे, पुन्हा पिळावी. निथळणारे पाणी नितळ होऊन फेस दिसेनासा होईपर्यंत हे चालू ठेवावे. लावायला दहा मिनिटे लागली तर काढून टाकायला वीस लागतात. त्यानंतर सुती पंचात दाबून पाणी टिपावे आणि जटा मोकळ्या सोडून उन्हात किंवा पंख्याखाली वाळवाव्यात. जाड जट वरून कोरडी लागली तरी आतून कित्येक तास ओली असते. म्हणून रात्री न्हाऊ नये, ओल्या जटा बांधू नयेत, त्यांवर टोपी घालू नये. या घरातील कुबट वासाचे मूळ दह्याइतकेच रात्रीच्या न्हाण्यात होते, हे उशिरा लक्षात आले. कोंडा असताना चार-पाच दिवसांनी एकदा धुणे योग्य. जटा धुतल्या की सुटतात, ही भीती पहिल्या काही महिन्यांपुरतीच खरी आहे. तेवढ्या काळात डोक्यावर जाळीदार टोपी घालून तिच्यावरूनच काढा लावता येतो.

कडुनिंबाचा पाला काढ्यात घालण्याची प्रथा आहे. तो घालण्यास हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर बसू नये. ऑस्ट्रेलियातील टी ट्री या झाडाच्या तेलाबाबत मात्र २००२ साली प्रसिद्ध झालेली एक पद्धतशीर चाचणी उपलब्ध आहे. १२६ जणांवर झालेल्या त्या चाचणीत, या तेलाचे ५ टक्के प्रमाण असलेला शांपू चार आठवडे वापरणाऱ्यांचा त्रास सरासरी ४१ टक्क्यांनी कमी झाला, आणि ज्यांच्या शांपूत ते तेल नव्हते त्यांचा ११ टक्क्यांनी. तेच तेल निव्वळ लावले तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

काढा टाळू स्वच्छ करतो. बुरशी आटोक्यात आणीलच याची हमी देता येत नाही. महिनाभर नियमाने धुऊनही कोंडा तसाच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने कीटोकोनाझोलचा शांपू वापरावा. तोही टाळूवरच लावून तीन ते पाच मिनिटे ठेवायचा असतो, आणि जटांमधून काढून टाकण्याची शिस्त तीच. औषधाचा शांपू घेतल्याने नैसर्गिकपणाला बट्टा लागतो, असे मानण्याचे कारण नाही. टक्कल पडल्यासारखे चट्टे, पू, चंदेरी जाड खपल्या यांपैकी काही दिसल्यास तो साधा कोंडा नव्हे. तेथे घरगुती उपचारात दिवस घालवू नयेत.

आता या प्रकरणाची दुसरी बाजू. नातू दर रविवारी मागील अंगणातील नळावर जटा धुऊ लागला, तेव्हा हळदीची प्रतवारी करण्यासाठी दुकानात येणारी एक प्रौढ स्त्री सूप बाजूला ठेवून त्याच्याकडे पाहत उभी राहत असे. तिच्या स्वतःच्या डोक्याला बारा महिने फडके बांधलेले असे. चौथ्या रविवारी तिने विचारले, "दादा, ह्ये धुतलं तर चालतंय व्हय?"

तिच्या डोक्यावर नऊ वर्षांची जट होती. ती हौसेने ठेवलेली नव्हती. आजारपणात विंचरणे राहिले, गुंता झाला, आणि तो देवीचा संकेत ठरला. या पट्ट्यात जट म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माचे बोलावणे मानतात. ती विंचरायची नाही, कापायची नाही. कापली तर कोप होतो, हा धाक. याच समजुतीपायी जट आलेल्या कित्येक मुली देवदासी म्हणून सोडल्या गेल्या. कर्नाटकाने १९८२ मध्ये त्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा केला, पण धाक कायद्याने जात नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आजही गावोगाव जाऊन, बायकांची समजूत काढून, जटा उतरवत आहेत. पोलंडमध्येही एकेकाळी अशाच जटेचा अशाच प्रकारे धाक होता आणि एकोणिसाव्या शतकात क्राकोचे डॉक्टर युझेफ डिटल यांना त्याविरुद्ध झटावे लागले होते.

त्या स्त्रीला कापण्याविषयी कोणी सांगितले नाही. आजीने फक्त एवढेच विचारले, "धुवायचं नाही असं देवीनं कुठं सांगितलंय का गं?" तिला उत्तर सुचले नाही. मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार टाळून तिने बुधवार निवडला. पहिल्या धुण्याचे पाणी पिवळट तपकिरी आले. नऊ वर्षांचा भंडारा, पेठेतील हळदीची धूळ आणि कोंडा त्यात होता. त्यानंतर आठ दिवस ती कोपाची वाट पाहत होती. तसे काही घडले नाही. रात्रीची झोप मोडणारी खाज मात्र निम्म्यावर आली.

तिची अडचण पूर्णपणे मिटलेली नाही. नातवाच्या जटांमध्ये भांग आहेत, काढा टाळूपर्यंत पोचतो. तिची जट टाळूलगत एकसंध चिकटलेली आहे; मधल्या भागात पाणी शिरत नाही आणि तेथे एक जखम आहे. सरकारी रुग्णालयातील त्वचेच्या डॉक्टरांनी जट उतरवल्याशिवाय ती भरणार नाही असे सांगितले. तिने अद्याप हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. "श्रावण जाऊ दे आक्का," एवढेच ती म्हणते.

नातवाचा कोंडा बराच आटोक्यात आहे; पावसाळी दमट हवेत तो पुन्हा डोके वर काढतो, तेव्हा धुण्याचे दिवस जवळ आणावे लागतात. आजी आता शनिवारी रात्री आणि मंगळवारी रात्री, अशा दोन वेळा रिठे भिजत घालते. मंगळवारच्या पातेल्यात ती दहाऐवजी पंधरा रिठे मोजून टाकते, कारण ती जट मोठी आहे.