नकाशा दडवाल, जमीन कशी दडवाल?

ज्या शहरातली पोरे साऱ्या जगाला सॉफ्टवेअर पुरवतात, त्या बेंगळुरूचा स्वतःचा कारभार २००७ साली मंजूर झालेल्या आराखड्यावर चालतो. त्या आराखड्याच्या नावातच २०१५ हे वर्ष आहे. तेही उलटून दशक लोटले. २०३१ चा मसुदा नोव्हेंबर २०१७ मध्ये बाहेर आला, त्यावर हरकतींचा पाऊस पडला आणि २०२० मध्ये सरकारने तो गुंडाळून ठेवला. महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, त्यानंतर पाच वर्षे उलटली तरी निवडणूक झाली नाही. आराखडा कालबाह्य, नगरसेवक गायब, आणि तरीही कुठला पूल, कुठला बोगदा आणि कुठली झाडे याचे निर्णय मात्र धडाधड होतात. कोण घेते हे निर्णय? कुठल्या नकाशावर बोट ठेवून?

बेंगळुरूच्याच मल्लेश्वरमला या प्रश्नाचे उत्तर अंगावर झेलावे लागले आहे. १८९८ च्या प्लेगने शहर हादरले, तेव्हा मोकळी हवा आणि स्वच्छता डोळ्यांपुढे ठेवून वाढवलेली ही वसाहत. सरळ 'मेन' रस्ते, त्यांना छेदणारे 'क्रॉस', घरांमागे सफाईच्या बोळी, रस्त्यांना झाडांची नावे. आखणारे परक्या राजवटीच्या छायेतले होते. पण आखणी म्हणजे काय हे त्यांना कळत होते. आजच्या स्वकीय राज्यकर्त्यांना ते कळत नाही असे आम्ही म्हणणार नाही. कळते, आणि म्हणूनच ते लपवतात.

मल्लेश्वरमलगतचा सँकी तलाव १८८२ चा. कर्नल सँकीने पाण्यासाठी बांधलेला. त्याच्या बांधावरचा रस्ता रुंद करण्याचा हट्ट नवा नाही. २०११ मध्ये त्यासाठी झाडांवर कुऱ्हाड चालली, विरोध करणाऱ्यांना पोलिसांनी उचलले. २०२३ च्या फेब्रुवारीत उड्डाणपुलाचे भूत पुन्हा उभे राहिले. शांततेने निषेध करणाऱ्या नागरिकांवर गुन्हे दाखल झाले. त्यांचा गुन्हा काय, तर आपली झाडे वाचवा म्हणाले! आता हेब्बाळ ते सिल्क बोर्ड असा सुमारे १७ किलोमीटरचा, १७ हजार कोटींहून अधिक खर्चाचा बोगदा येतो म्हणतात आणि त्याचे एक तोंड याच तलावाच्या परिसरात निघणार म्हणतात. 'म्हणतात' हाच शब्द आम्हांस लिहावा लागतो, ही लाज आमची नव्हे. पाणी मुरण्याच्या वाटांचे काय होणार, तलावात उतरणारे ओहोळ कुठे जाणार, हे रहिवाशांना आधी नकाशावर दाखवायला हवे होते. त्यांच्या हाती येते ते वृत्तपत्रातले चित्र.

तंत्र नाही ही सबब कुणी सांगू नये. कर्नाटक सरकारच्याच सुदूर संवेदन केंद्राने 'दिशांक' हे ॲप बनवले आहे. फोन हातात धरून कुठल्याही जमिनीवर उभे राहा, जुन्या गावनकाशातला सर्व्हे नंबर समोर येतो. तलाव कुठे होता, राजकालवा म्हणजे पाण्याचा मुख्य नाला कुठून वाहत होता, हे त्यात दिसू शकते. म्हणजे सरकारला ठाऊक आहे. ठाऊक असून बांधकामाला परवानगी देणे याला अज्ञान म्हणत नाहीत. केंद्राने २०२१ मध्ये नकाशे आणि भूमाहितीवरचे जुने निर्बंध उठवले. दिल्लीने कुलूप काढले, आणि बेंगळुरूचे बाबू किल्ली खिशात घालून बसले आहेत.

जमिनीचा व्यवहार उघड्यावर कसा मांडावा, हे याच मल्लेश्वरममध्ये पाहावे. इथल्या काडु मल्लेश्वर देवळाचा कन्नड शिलालेख १६६९ चा आहे. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दिले, ते दगडावर कोरून, रयतेच्या भाषेत, चारचौघांत उभे केले. अशा शिलालेखांच्या जागा शोधून, नकाशावर टिपून, त्रिमितीत स्कॅन करण्याचे काम गेली काही वर्षे बेंगळुरूचे नागरिक आणि मिथिक सोसायटी ही संस्था करीत आहेत. दगड हुडकणाऱ्यांना जे जमते, ते कोट्यवधींचे सल्लागार पोसणाऱ्यांना जमू नये?

मुंबईची आठवण इथे करून दिलीच पाहिजे. फेब्रुवारी २०१५ मध्ये महापालिकेने २०३४ च्या आराखड्याचा मसुदा काढला. लोकांनी तो घरोघर उलगडला, प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहिला आणि चुकांचे असे ढीग बाहेर काढले, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मागे घ्यावा लागला. अंतिम आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. तोही निर्दोष नव्हता. पण लोकांनी तपासलेला नकाशा सत्तेला माघार घ्यायला लावतो, हे तिथे सिद्ध झाले. बेंगळुरूच्या राज्यकर्त्यांना नेमकी हीच धास्ती आहे.

आणि आता दोन शब्द लोकांचे नकाशे काढायला निघालेल्या नकाशावाल्यांनाही. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर झाडांचे हिरवे ठिपके लावले, कार्यशाळेत चहा घेतला, छायाचित्रे काढली की लोकसहभाग झाला, असे समजणारी मंडळी वाढत चालली आहेत. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवरची फुलवाली आणि भाजीवाला तुमच्या नकाशावर आहेत काय? २०१४ चा फेरीवाला कायदा त्यांची गणना करायला सांगतो. तुमचा ठिपका त्यांच्या टोपलीला घाण समजत असेल, तर तो नकाशा लोकांचा नव्हे, बंगलेवाल्यांचा आहे. शहराचे पाणी, सावली आणि पोट एकाच कागदावर आली नाहीत तर 'शाश्वत' हा शब्द भाषणापुरताच राहील.

सप्टेंबर २०२५ मध्ये शहराचे पाच महापालिकांत तुकडे झाले. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, पण आराखडा तोच जुना. नव्या आराखड्याची सूचना निघेल तेव्हा प्रत्येक वॉर्डाचा नकाशा सर्व्हे नंबरांसह, उतरवून घेता येईल अशा स्वरूपात, कन्नडमधून जाहीर झाला पाहिजे. नागरिकांनी टिपलेल्या नोंदी दफ्तरी दाखल झाल्या पाहिजेत आणि फेटाळलेल्या प्रत्येक नोंदीचे कारण सहीनिशी मिळाले पाहिजे. हे होईपर्यंत सँकीच्या काठावरच्या एकाही झाडाला हात लावण्याचा अधिकार कुणाला नाही. मल्लेश्वरमकरांनो, हरकतीचा अर्ज आजच लिहून ठेवा, आणि त्याला तुमचा नकाशा जोडा.