रॉयल्टी आणि पंचेचाळीस पैसे

खनिजावर कर कोणी बसवायचा, राज्याने की केंद्राने, हा वाद वकिलांपुरता म्हणून आपण सोडून देतो. पण बल्लारीचे व गोव्याचे लोहखनिज, आपल्या बेळगाव-चंदगड पट्ट्यातले बॉक्साइट ध्यानात घेतले तर तो आपल्या दाराशीच आहे.

प्रकरण मूळचे तामिळनाडूचे. इंडिया सिमेंट ही कंपनी चुनखडी काढी आणि सरकारला रॉयल्टी भरी. १९५८ च्या मद्रास पंचायत कायद्याप्रमाणे जमीन महसुलाच्या दर रुपयामागे ४५ पैसे स्थानिक उपकर होता; पुढे दुरुस्ती करून रॉयल्टीही त्या महसुलात धरली गेली. कंपनी कोर्टात गेली. मद्रास उच्च न्यायालयाने उपकर उचलून धरला, पण १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी तो रद्द केला. त्या निकालात एक वाक्य आले : रॉयल्टी हा कर आहे. २००४ साली दुसऱ्या पीठाने बहुमताने सांगितले, ती नजरचूक. 'रॉयल्टीवरील उपकर' असे म्हणायचे होते! दोन शब्दांवर राज्यांचा महसूल अडून राहिला. शेवटी २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक असा निर्णय दिला की रॉयल्टी कर नव्हे आणि खनिज हक्कांवर राज्यांना कर बसवता येतो.

मला हे पटते. शेत खंडाने करणारा मालकाला खंड देतो, म्हणून सरकारचा सारा काही माफ होत नाही. रॉयल्टी हा खंड आहे.

राज्याराज्यांत वसुलीची अनिष्ट चढाओढ लागेल, ही न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी भिन्नमतात व्यक्त केलेली भीती खोटी नाही. मात्र या करावर मर्यादा घालण्याचा अधिकार घटनेनेच संसदेला दिला आहे. १ एप्रिल २००५ पासूनची थकबाकी वसूल करता येईल, असे त्याच पीठाने १४ ऑगस्ट २०२४ रोजी ठरवले. त्यावर कंपन्यांनी फार कुरकुर करू नये. मागचे व्याज व दंड माफ आहेत, आणि हप्ते १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांचे आहेत.

मला खटकते ते निराळेच. ते ४५ पैसे पंचायत कायद्याखालचे होते. इतक्या वर्षांच्या भांडणात केंद्र, राज्य आणि कंपनी यांचीच नावे राहिली. पंचायत कुठल्या कुठे गेली. २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली खरी, पण तो पैसा जिल्ह्याच्या हाती असतो. नवा कर बसवताना कर्नाटकाने काय किंवा गोव्याने काय, खाणीच्या गावच्या पंचायतीचा वाटा कायद्यातच आकड्यानिशी लिहावा.